जुनं ते सोनं. पण लोखंडाचं काय?

मंडळी, आजचा विषय वाचून तुम्ही म्हणाल, सरांना या वयात हे काय सुचलं! ३४ वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, खडू आणि डस्टर सोडून हातात दुसरं हत्यार घेतलं नाही, आणि आता रिव्हॉल्वरवर लिहायला बसलो. पण हा विषय मी शोधत गेलो नव्हतो. तोच घर विचारत आला.

झालं असं. माझे थोरले बंधू, आमचे आण्णा, गेल्या वर्षी वारले. कंधार तालुक्यातल्या आमच्या गावचे ते बरीच वर्षं पोलीस पाटील होते. त्यांच्याकडे परवान्याचं एक रिव्हॉल्वर होतं. पॉइंट ३२ बोअरचं, सहा गोळ्यांचं, बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं. १९८१ साली त्यांनी ते हैदराबादच्या एका दुकानातून सेकंडहँड घेतलं होतं. परवानाधारक वारला की शस्त्र तसंच घरात ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या दुकानदाराकडे जमा करावं लागतं. ते आम्ही केलं. पुढं वारसानं स्वतःचा परवाना काढायचा, नाहीतर परवाना असलेल्या माणसाला ते रीतसर विकायचं. वहिनींना दोन मुली, दोघी पुण्याला नांदतात, दोघींनाही ते नको. म्हणजे विकणंच आलं.

ही बातमी कशी कोण जाणे, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कानावर गेली. नाव सांगत नाही. नांदेडला सिमेंट-लोखंडाचा धंदा आहे, चांगला चाललाय. दिवाळीनंतर एका रविवारी पेढ्यांचा पुडा घेऊन आला, पाया पडला आणि चहा यायच्या आत म्हणाला, "सर, आण्णांची वेब्ली मला द्या. पाच लाख देतो."

मी उडालोच. पाच लाख! कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ साली महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्वर काढलं होतं, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती आणि तीच महाग म्हणून पेपरात चर्चा झाली होती. इथं हा एका जुन्या, दोन-तीन हात फिरलेल्या रिव्हॉल्वरला पाच लाख द्यायला निघालाय. मी म्हणालो, "अरे, एवढ्यात तुला नवीकोरी दोन-तीन येतील."

"नव्यात दम राहिला नाही सर. वेब्लीचं नाव नव्या मालावरही येतंय म्हणे, पण जुन्याची गोष्ट वेगळी. सगळे असंच म्हणायलेत."

सगळे असंच म्हणायलेत! त्या एका वाक्यापायी हा लेख.

त्याला हसू नका. त्याची भीती खरी आहे. ५ एप्रिल २०२२ रोजी नांदेडमध्ये एका नावाजलेल्या बांधकाम व्यावसायिकावर त्यांच्या घरासमोर भरदिवसा गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर नांदेडच्या व्यापारी लोकांची झोप उडाली ती कितीतरी दिवस. आमच्या या विद्यार्थ्यालाही मध्यंतरी एक फोन आला होता. पलीकडच्या माणसानं पैसे मागितले आणि मुलगी कोणत्या शाळेत जाते तेही सांगितलं. आता सांगा, अशा बापाला कोण हसेल?

पण मला आण्णांच्या त्या रिव्हॉल्वरची एक गोष्ट माहीत होती, जी गावात कुणालाच माहीत नव्हती.

१९९२ च्या पावसाळ्यातली रात्र. मी गावी मुक्कामाला होतो. शेतातल्या आखाड्यावरून सालगडी धावत आला, मोटारपंप चोरायला माणसं आलीत म्हणाला. आण्णांनी ट्रंक उघडली, रिव्हॉल्वर घेतलं, मी बॅटरी घेतली. आखाड्याजवळ गेल्यावर अंधारात चार-पाच आकृत्या दिसल्या. आण्णांनी हात वर करून आभाळाकडे चाप ओढला. टक्. नुसता टक्. पुन्हा ओढला. पुन्हा टक्! तिसऱ्यांदा ओढला तेव्हा बार निघाला आणि माणसं पळाली. आण्णांच्या कपाळावरचा घाम मी बॅटरीच्या उजेडात पाहिला. परत येताना ते एवढंच म्हणाले, "दोनदा वाजलं नाही, हे कुणाला बोलू नको. पोलीस पाटलाचं रिव्हॉल्वर फुसकं निघालं म्हणतील."

आज ३० वर्षांवर काळ लोटला, आण्णाही नाहीत, म्हणून बोलतो.

दुसऱ्या आठवड्यात ते नांदेडला एका जाणकार दुकानदाराला दाखवलं. त्यानं सगळं उघडून पाहिलं आणि हसायलाच लागला. रिव्हॉल्वर ठणठणीत होतं. घोटाळा काडतुसांत होता, आणि तो काडतुसं बनवणाऱ्याचाही नव्हता. आण्णा दर दसऱ्याला शस्त्रपूजन करायचे, आणि लोखंडाला गंज चढू नये म्हणून सढळ हातानं तेल घालायचे. तेही गोळ्या आत तशाच ठेवून! काडतुसाच्या बुडाशी एक बारीक टोपी असते. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते आणि आतली दारू पेटते. त्या टोपीत तेल झिरपलं की ठिणगी मरते. ११ वर्षं तीच काडतुसं, ११ दसरे, ११ वेळा तेल! आण्णांची माया अंगलट आली, दुसरं काय.

पुढं काडतुसं बदलली, तेल आवरलं. त्यानंतर ते रिव्हॉल्वर वाजायचं चुकलं नाही. पण खरं सांगू का, त्यानंतर ते वाजवलं तरी किती वेळा? फार तर आठ-दहा.

आता मुद्द्यावर येतो. 'पूर्वीची वेब्ली ती वेब्ली, आता तसं राहिलं नाही' हे म्हणणं कशाच्या आधारावर उभं आहे?

मी शिक्षक. मला शाळेतलंच उदाहरण सुचतं. गावात फिरताना लोक भेटतात आणि म्हणतात, "सर, तुमच्या वेळची शाळा आता राहिली नाही. तुमच्या हाताखालची पोरं बघा, कुणी डॉक्टर, कुणी तहसीलदार!" ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण मला हजेरीपट आठवतो. दहावीच्या वर्गातली कितीतरी मुलं त्या काळी नापास व्हायची, शाळा सोडायची, ऊसतोडीला जायची. ती पेढे घेऊन सरांकडे येत नाहीत. जी येतात ती पास झालेली. त्यांच्यावरून 'पूर्वीची शाळा उत्तम' असा निकाल लावायचा, म्हणजे नापासांची यादी फाडून टाकून शंभर टक्के निकाल जाहीर करायचा!

जुन्या शस्त्रांचंही तेच. जी मोडली, गंजली, जमा झाली, भंगारात गेली, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. जी चांगली होती तीच ६०-७० वर्षं टिकली आणि तीच आज आपल्याला दिसतात. वर त्यांचं मोल वाढायला आणखी एक कारण आहे. १९८० च्या दशकात सरकारनं खाजगी माणसांसाठी परदेशी रिव्हॉल्वर-पिस्तुलांची आयात बंद केली. नवा विलायती माल यायचा थांबला, जुना तेवढा हात बदलत राहिला. पाच लाखांतले किती पैसे लोखंडाच्या गुणाचे आणि किती टंचाईचे, याचा हिशेब आमच्या विद्यार्थ्यानं केलाच नव्हता. हा तर रोज सिमेंटचे भाव बघणारा माणूस!

मग वेब्लीचं मोठेपण खोटं होतं का? अजिबात नाही. १८८७ साली ब्रिटिश लष्करानं वेब्लीचं रिव्हॉल्वर स्वीकारलं आणि दोन्ही महायुद्धांत ते अधिकाऱ्यांच्या कमरेला होतं. चिखलात, पावसात चाललं. इंग्रजी अमलात ते हिंदुस्थानभर पसरलं. आपल्या कानपूरच्या कारखान्याचं पॉइंट ३२ रिव्हॉल्वरही वेब्लीच्याच मार्क फोर या नमुन्यावर बेतलेलं, तसंच मधून बिजागरीवर उघडणारं. म्हणजे ज्याला आमचा विद्यार्थी 'दम नसलेलं' म्हणतो, ते नात्यानं वेब्लीचंच.

या मार्क फोरची एक गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात माल भराभर हवा होता. पॉलिश, झिलई करायला वेळ नव्हता. तेव्हा कंपनीनं त्या खडबडीत रिव्हॉल्वरवर चक्क 'वॉर फिनिश' असा शिक्का मारला. म्हणजे काय, तर बाबांनो, युद्ध चालू आहे, दिसायला ओबडधोबड आहे, आम्हाला ठाऊक आहे. आजकाल कोण असं स्वतःच्या मालावर लिहून देतो? पण यातून एक शिकण्यासारखं आहे. दिसणं उतरलं म्हणजे काम उतरलं असं नाही. आपण मात्र झिलई बघून 'क्वालिटी गेली' म्हणतो. नाहीतर झिलई बघून 'क्वालिटी आहे' म्हणतो.

पुढं काय झालं? १९७९ साली या कंपनीनं बंदुका-रिव्हॉल्वर करणं थांबवलं, फक्त छऱ्याच्या बंदुका करत राहिली. २००५ च्या अखेरीस बर्मिंगहॅमचा तो धंदाही बसला. नाव मात्र विकलं गेलं, टिकलं. आणि २०२० साली उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात त्याच नावानं पॉइंट ३२ बोअरची हत्यारं तयार होऊ लागली. मधे ४० वर्षांचा खंड. कारागीर वेगळे, यंत्रं वेगळी, पोलाद वेगळं, देश वेगळा. मग 'वेब्ली बिघडली का?' हा प्रश्नच चुकीचा ठरतो. नावाखेरीज जुनं काहीच उरलेलं नसताना बिघडणार काय आणि सुधारणार काय? नव्या मालाची परीक्षा नव्यानंच घ्यायला हवी. तो चांगलाही असेल. बापाच्या मार्कांवर मुलाला पास करता येत नाही, तसं नापासही करता येत नाही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे माल कधी बिघडतच नाही का? बिघडतो ना. अमेरिकेतल्या कोल्ट कंपनीचं घ्या. मार्च १९११ मध्ये तिथल्या लष्करानं दोन कंपन्यांच्या पिस्तुलांची परीक्षा घेतली. प्रत्येकाकडून ६,००० गोळ्या झाडून घेतल्या. दुसऱ्या कंपनीचं पिस्तूल ३७ वेळा अडलं. जॉन ब्राउनिंगनं घडवलेलं कोल्टचं पिस्तूल एकदाही अडलं नाही. मग ते लष्करानं घेतलं आणि १९८५ पर्यंत चालवलं. पण १९८६ साली त्याच कोल्टच्या कारखान्यात संप झाला. तो चार वर्षं चालला. जुने कसबी कामगार फाटकाबाहेर आणि बदली माणसं आत. १९८८ मध्ये लष्कराचं रायफलींचं कंत्राट दुसरीकडे गेलं. १९९२ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली, २०१५ मध्ये पुन्हा. २०२१ साली ती एका चेक कंपनीनं विकत घेतली. त्या मधल्या वर्षांतल्या मालाबद्दल जाणकार कुरकुर करतात ती उगाच नाही. पण बघा, काळ पुढं गेला म्हणून माल उतरत नाही. हात बदलले, तपासणारे डोळे कमी झाले, पैशाची ओढाताण झाली, की तो उतरतो. शाळा तरी दुसऱ्या कशानं उतरते?

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. हत्यार विश्वासाचं कधी? तर हवं तेव्हा उडेल आणि नको तेव्हा उडणार नाही, तेव्हा. आपण फक्त अर्धाच प्रश्न विचारतो. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी घुसली. ते हातातून निसटलं आणि गोळी सुटली, असं त्यांनी सांगितलं. नशीब, पायावरच निभावलं. अमेरिकेत २०१७ च्या जानेवारीत लष्करानं सिग सावर कंपनीच्या पी-३२० जातीचं पिस्तूल निवडलं. एवढ्या परीक्षांतून पार पडलेलं! आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाजारातली तशी पिस्तुलं विशिष्ट कोनात जमिनीवर पडली तर उडतात, हे लोकांनी दाखवून दिलं. कंपनीला ती फुकटात दुरुस्त करून द्यायची योजना काढावी लागली. मला यात दोष सापडला त्याचं नवल वाटत नाही. दोष सापडला, चारचौघांत बोलला गेला आणि दुरुस्त करायची व्यवस्था झाली, याचं वाटतं.

आपल्याकडे काय? आपल्याकडे हत्याराचं नाव गोष्टीतून मोठं होतं. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. हा कान्हेरे आपल्या औरंगाबादेत शिकलेला मुलगा. सावरकरांनी लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती, हा धडा मी कितीतरी वर्षं शिकवला, आणि 'ब्राउनिंग' हा शब्द आला की मागच्या बाकावरची पोरंही सरसावून बसायची. पण गोष्ट म्हणजे परीक्षा नव्हे. आण्णांचं रिव्हॉल्वरही गावात 'कधीच न चुकणारं' म्हणून प्रसिद्ध होतं! का? तर त्या रात्रीचा एक बार गावानं ऐकला. दोन टक् फक्त आम्हा दोघांना ऐकू आले.

आणि न वाजल्याचे प्रकार नेमके नको त्या वेळी उघडे पडतात. ऑगस्ट २०१९ मध्ये बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यसंस्काराला मानवंदनेसाठी २२ रायफली रोखल्या गेल्या. एकीतूनही बार निघाला नाही! साऱ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. मानवंदना होती म्हणून निभावलं. समोर दरोडेखोर असते तर?

म्हणून माझं मत असं आहे. भरवसा नावावर ठेवू नये, तपासणीवर ठेवावा. बर्मिंगहॅममध्ये १८१३ पासून एक वेगळं परीक्षागृह आहे. तिथं नळीत नेहमीपेक्षा जास्त जोराचा बार भरून उडवतात आणि टिकली तरच तिच्यावर शिक्का मारतात. तो शिक्का कारखानदाराचा नसतो, त्या परीक्षागृहाचा असतो. आपली पोरं आपणच शिकवायची आणि बोर्डाचे पेपरही आपणच तपासायचे, असं नाही. विलायती मालाच्या नावामागं ही शिस्त होती. आपल्याकडचा कारखाना सरकारी असो की खाजगी, त्याच्या हत्यारानं किती हजार गोळ्या झाडल्या, किती वेळा अडलं, पडल्यावर उडालं का, हे साध्या मराठीत छापून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला काय हरकत आहे? मोटारसायकल किती ॲव्हरेज देते ते विचारल्याशिवाय आपण ती घेत नाही. इथं तर प्रश्न जिवाचा.

दुसरी जबाबदारी आपली. परवान्यावर वर्षाला काडतुसं किती घ्यायची याचा आकडा लिहिलेला असतो, आणि बहुतेक लोक तेवढीही झाडत नाहीत. देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं कपाटात ठेवतात. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्यासाठी प्रशिक्षणाची अट आली, ते चांगलं झालं. पण ते नुसतं प्रमाणपत्रापुरतं नको. जे हत्यार कधी चालवलंच नाही ते चांगलं की वाईट, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

असो. गोष्टीचा शेवट सांगतो.

दोन रात्री मला झोप लागली नाही. पाच लाख वहिनींचे होते, माझे नव्हे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन अडलंय, तेही मला माहीत. गप्प राहिलो असतो तर कुणाचं काही बिघडलं नसतं. आणि दोष तरी रिव्हॉल्वरचा कुठं होता? पण ज्या पोरानं आपल्याला 'सर' म्हणून विचारलं, त्याला अर्धंच उत्तर द्यायचं? तिसऱ्या दिवशी त्याला बोलावलं आणि टक्-टक्ची सगळी हकीकत सांगितली. तो आधी हसला, मग गंभीर झाला. "सर, तुम्ही तर सौदाच मोडायलाव!"

मी म्हणालो, "मोडत नाही रे. आधी जाणकाराकडून तपासून घे, नवी काडतुसं घालून रेंजवर निदान ५० गोळ्या झाडून बघ, मग किंमत कर. आणि एक सांग, त्या फोनची तक्रार केलीस का?"

तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. तक्रार केलीच नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोलीस ठाण्याची पायरी चढायचा त्याला भरवसा वाटत नव्हता, म्हणून हा पाच लाखांचा भरवसा तो लोखंडात शोधत होता. वेब्ली पूर्वीसारखी राहिली की नाही, हा त्याचा खरा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासोबत गेलो, आम्ही लेखी तक्रार दिली, पोच घेतली. पुढं काय होतं ते बघू. पण परतताना एसटीत माझ्या मनात तेच घोळत होतं. माणसाला व्यवस्थेचा भरवसा वाटला नाही, की तो नावांवर, गोष्टींवर आणि जुन्या लोखंडावर विसंबतो.

घरी येऊन वहिनींना सगळं सांगितलं. पैसे कमी येतील, माफ करा म्हणालो. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खरं सांगितलंत ते बरं केलंत भाऊजी. कमी आले तर येऊ द्या. पण ह्यांनी गोळ्यांना तेल घातलं, तेवढं मात्र लोकांत सांगू नका."

वहिनी, चुकलो. तेवढं मात्र सांगून बसलो.